तीस ग्रॅम

शुक्रवार. म्हापशाच्या बाजारात मयड्याची केळी उतरलेली,
चोरिसांच्या माळा दोरीला,
आणि त्या गर्दीतून एर्मेलिंदाबाई आल्या, शिवोलीहून.
पोलक्याच्या आतून रुमालाची गाठ काढली,
काउंटरवर सोडली.
"विकायचं नाही. फक्त सांग किती आहे.
तीन मुली. एक स्विंडनला, एक मडगावला,
एक माझ्याशी बोलत नाही.
तिघींना सारखं द्यायचंय."

मी पाणी दिलं. पंखा बंद केला.
एवढ्याशा वजनात वाराही ढवळाढवळ करतो.

आधी साखळी. नवरा तारवटी,
लिस्बनच्या बंदरातून आणलेली.
चौदा ग्रॅम दोनशे.
"चोवीसचं आहे, तो म्हणायचा."
चोवीसची साखळी गळ्यात टिकत नाही, बाई,
मेणासारखी वाकते.
थोडं तांबं लागतं, थोडी चांदी,
तेव्हा कुठे सोनं सोनाराचं ऐकतं.
पोर्तुगालचा हा शिक्का: हजारात आठशे.
म्हणजे शुद्ध अकरा ग्रॅम तीनशे साठ.
"आणि उरलेलं?"
उरलेलं ते धरून ठेवणारं.
त्याला भाव नाही.

मग काप. खडे वजा. माणकं नव्हेत, लाल काच,
हे मी जरा हळू सांगितलं.
सहा ग्रॅम शंभरातून एक चारशे गेले.
डागाचं थोडं जाईल, ते वितळवल्यावर कळतं.
घडणावळ, पाकळ्यांची नक्षी,
लग्नात वाजलेला बँड,
यातलं काही तराजूत येत नाही.

शेवटी कांकणं. जोडी.
तीस ग्रॅम. नेमके तीस,
आकडा इतक्या सरळ कधी थांबत नाही.
आतल्या बाजूला, घासून पुसट,
बावीस, आणि पां. रा.

माझे बाबा.

काळ्या दगडावर रेघ ओढली,
शेजारी बावीसच्या काडीची.
तेजाबाचा थेंब.
काडीची राहिली. कांकणाची
आधी विटली, मग दिसेना.
कानस लावून, जरा खोलातून, पुन्हा ओढली.
पुन्हा.
चौथ्यांदा मी दगडालाच खोटं ठरवायला निघाले होते.
अठरा.

तीस ग्रॅमात पाच ग्रॅम.
"अठ्ठ्याहत्तरचा मे," बाई आपणहून म्हणाल्या,
"लग्नाच्या आठ दिवस आधी मिळाली,
तुझ्या बापाने पेढाही दिला होता."
अठ्ठ्याहत्तर.
त्याच जूनच्या आत आमच्या घरावर
मंगळुरी कौलं चढली. मी खालून एकेक देत होते.
पाच ग्रॅमात तेव्हा किती कौलं येत
हा हिशेब मला करायचा नव्हता.
झाला.

"कितें जालें गो?"

बावीस लिहिलं असतं तरी चाललं असतं.
या काही वितळवणार नव्हत्या,
मुली वितळवतील तेव्हा दुकान कुणाचं असेल कोण जाणे.
मी लिहिलं: हजारात साडेसातशे.
शुद्ध बावीस ग्रॅम पाचशे.
बावीस आलेच शेवटी, पण ग्रॅम.

त्यांनी चष्मा लावला. कागद वाचला.
शिक्का पाहिला, मग मान वळवून
दारावरची पाटी, जी मी अजून बदललेली नाही.
बाहेर केळीवाली कुणाशी तरी दोन रुपयांवरून भांडत होती,
आम्ही दोघी ते सगळं भांडण ऐकलं.

"हे पाच," त्या म्हणाल्या,
"जी बोलत नाही तिच्या वाट्यातून कापू का?"
आणि स्वतःच हसल्या, पुढचे दोन दात नसलेलं.

कांकणं परत हातात जाईनात.
मी तेल दिलं, दगड पुसायचं खोबरेल.
एक चढलं. दुसरं सांध्यावर अडलं,
मी हात धरला, बोटं दाबून धरली,
तेव्हा चढलं.

तपासणीचे शंभर. मी नको म्हटलं.
"घे. काम केलंस."
नोट ठेवली ती नेमकी तराजूवर,
आणि तराजूने, त्याला काय कळतंय,
तिचंही वजन दाखवलं.